उलट्या शिवणीचा झंपर

दोन हजार अकरा साल. गणपती बसून दोन-चार दिवस झाले होते आणि आमच्या बस्तीत दशलक्षण पर्व सुरू होतं. आम्ही जैन माणसं मंदिराला बस्ती म्हणतो. दुपारच्या प्रवचनाला मी आणि आक्का निघालो होतो. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, अनंतमती. बस्तीच्या मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

"चंपा, ही पायरी हललीया."

"दगडाची पायरी कुठली हलतीय, आक्का. चला, माताजी बसल्या असतील."

"हललीया म्हणतो न्हवं मी."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पण त्या दिवशी आक्कांचे शब्द तोंडात पीठ चिकटल्यासारखे निघत होते. मी वळून बघते तोवर त्या माझा पदर धरून खाली बसल्या आणि बसल्या बसल्या दोन पायऱ्या घसरल्या. कपाळ कठड्याला लागलं.

बायका धावल्या. कुणी म्हणाली लकवा मारला, कुणी म्हणाली उन्हाचं झालं. पानपट्टीवरून माझा नवरा भूपाल पळत आला. बहिणीला उचलून बसवता बसवता त्यानं माझ्याकडे बघितलं.

"त्या गोळ्या आजच्या आज गटारात टाक. डोक्याच्या गोळ्या हाईत त्या. डोकंच फिरवालेत तिचं."

आक्कांनी डोळे उघडले. "गोळ्यांना हात लावशील तर बघ," म्हणाल्या, आणि परत मिटले.

आता या गोळ्यांचं सांगायला पाहिजे.

आक्का लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, माहेरी परत आल्या आणि शिवणक्लास काढला. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या त्या गावात तीस वर्षं जी मुलगी लग्नाला उभी राहिली, तिनं आक्कांच्या हाताखाली मशीन मारलेलं होतं किंवा आक्कांनी शिवलेला झंपर घातलेला होता. बाही अशी बसवायच्या की हात वर केला तरी कमरेत कापड ओढलं जात नसे.

आदल्या थंडीत त्यांना नागीण झाली. डाव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. कुंभाराकडून गेरू आणून लावला, सरकारी दवाखान्यातलं मलम लावलं. फोड वाळले, खपल्या पडल्या, आम्ही सुटलो म्हणालो. आक्का नाही सुटल्या. कातडीवर काही उरलं नाही, पण आत आग राहिली. वारा लागला तरी त्या दचकायच्या. चादर नको, पंखा नको, आणि झंपर तर मुळीच नको. झंपराची शिवण त्या जागेवर टेकली की तापलेला चिमटा लावल्यासारख्या किंचाळायच्या. भूपालचा जुना, धुऊन धुऊन विरलेला पंचा अंगाभोवती घेऊन त्या आतल्या खोलीत बसायच्या. बाहेर येणं बंद. बस्ती बंद. क्लासच्या मुली दारापर्यंत येऊन परत जायच्या. अख्ख्या गावाला झंपर शिवून दिलेल्या बाईला स्वतःला झंपर सोसत नव्हता.

एकदा मी त्यांना जेवायला बोलवायला गेले तर त्या मशीनचं चाक हातानं नुसतंच फिरवत होत्या. सुईत दोरा नव्हता.

"काय करालाय?"

"काय न्हाई. गंज चढू ने म्हणून."

मग मीच हट्ट धरून त्यांना जयसिंगपूरला डॉक्टर मुजावरांकडे नेलं. पंचा गुंडाळून, वरून शाल, रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला माझं मनगट दाबत. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला शांत. त्यांनी कापसाचा बोळा त्या जागेवर नुसता फिरवला आणि आक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "नागीण गेली, पण नसेला इजा करून गेली. आता नस उगीचच बोंब मारतीय. हे खोटं दुखणं नाही, आक्का. कुणी तसं म्हणालं तर माझ्याकडे पाठवा."

आक्का हे ऐकून जितक्या रडल्या तितक्या त्या बोळ्यानं रडल्या नव्हत्या.

आधी एकच गोळी दिली, नसेची. थोडा फरक पडला. जास्त केली तर पाय सुजले आणि दिवसभर पेंग. मग उन्हाळ्यात डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला.

"एका बैलाला ओझं ओढवेना झालंय," ते म्हणाले. "त्यालाच चाबूक मारत बसलो तर तो खाली बसेल. त्यापेक्षा दुसरा बैल जोडू. दोघांनाही कमी ओढायला लागेल. एकाच गोळीत दोन औषधं येतात. सकाळी साधी गोळी, रात्री झोपताना ही जोडगोळी. दुसरं औषध मूळचं उदासीच्या आजारावरचं आहे, पण एवढ्या थोड्या मात्रेत आपण ते दुखण्यासाठी वापरतोय. तेव्हा कुणी काही बोललं तर मनावर घ्यायचं नाही."

पण लगेच दिली नाही. आधी कार्डिओग्राम काढायला लावला, मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं, काचबिंदू आहे का, लघवी अडते का विचारलं. आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत ते बघायला घरातला औषधांचा डबाच मागवून घेतला. त्यातली झोपेची पट्टी काढून बाजूला ठेवली. "ही याच्यासोबत अजिबात नको." मग बोट वर करून आक्कांना बजावलं, "अंथरुणातून एकदम उठायचं नाही. मला विचारल्याशिवाय वाढवायची नाही, मनानं बंद करायची नाही, आणि एकही चुकवायची नाही."

"एकबी चुकवणार न्हाई," आक्का म्हणाल्या. आणि आक्कांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

श्रावण लागेपर्यंत फरक पडला. आग गेली नाही, पण निखारा राखेखाली गेला. एक दिवस आतून मशीनचा आवाज आला. मी पदराला हात पुसत धावले. आक्कांनी मऊ मांजरपाटाचा झंपर शिवला होता आणि त्याच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या होत्या. आतून सपाट, गुळगुळीत. बाहेरून मात्र काठाकाठानं कापड उभं राहिलेलं.

"उलटा दिसालाय की, आक्का."

"दिसू दे. बघणाऱ्याला टोचत न्हाई, मला टोचत हुतं."

तो झंपर घालून त्या आठ-नऊ महिन्यांनी बस्तीत गेल्या. आणि तिथंच, पर्वात, पायरी हलली.

भूपालला मात्र ती दोन औषधांची गोष्ट पहिल्यापासून खुपत होती. गावातल्या औषधाच्या दुकानदारानं पट्टी उलटीपालटी करून त्याला सांगितलं होतं की यातलं एक मनाच्या आजाराचं आहे. तेव्हापासून तो पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. "लोक म्हणतील भूपालची बहीण येडी झाली," असं तो मला दोनदा म्हणाला होता.

पडल्याच्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी आक्कांना हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, जीभ काढायला लावली. लकवा नाही म्हणाले. आडवं झोपवून रक्तदाब बघितला, मग उभं करून. उभं केल्यावर बराच खाली गेला होता.

"उपवास चालू आहेत काय, आक्का?"

"उपवास न्हाई. रोज जेवतो मी."

"गोळ्या?"

"रोज घेतो. एकबी चुकविली न्हाई."

"सकाळी दुखणं कसं?"

"सकाळी लई. उजाडल्यापासनं आग. मग दुपारी कमी. मग ही चक्कर."

डॉक्टरांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "हे उलटं चाललंय. रात्री जोडगोळी घेता म्हणजे सकाळी आराम हवा. आणि सकाळच्या साध्या गोळीनं दुपारी एवढी चक्कर यायची नाही." थोडा विचार करून माझ्याकडे वळले. "वैनी, दोन दिवस लक्ष ठेवा. कधी काय होतं ते मला सांगा. तोवर एकटीला पायऱ्या चढू देऊ नका. नाहीच मानवलं तर हळूहळू कमी करत जोडगोळी थांबवावी लागेल. या वयात हाड मोडलं तर ते नागिणीपेक्षा महागात पडेल."

"बघ," भूपाल म्हणाला. "मी काय सांगत हुतो?"

आम्ही रिक्षानं घरी आलो. दारात उतरल्यावर आक्का मला म्हणाल्या, "चंपा, भूपालचा तो पंचा टाकलास काय?"

"नाही. कपाटात आहे."

"असू दे. लागंल परत."

मला रात्रभर तो पंचा दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का जेवायला बसल्या. आता आमच्या घरात मी आणि भूपाल पर्व पाळायचो ते आपल्या परीनं, कांदा-बटाटा सोडून, एखादा उपवास करून. आक्कांचं तसं नव्हतं. त्यांनी दहाही दिवसांचं एकासन धरलं होतं. एकासन म्हणजे दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचं. पाटावरून उठलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नही नाही आणि पाणीही नाही. पाटावर बसल्यावर बोलायचं नाही. जेवताना काही विघ्न आलं, ताटात केस निघाला, कुणाचा धक्का लागला, तर त्याला अंतराय म्हणतात. हातातला घास तिथंच ठेवून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उपाशी. म्हणून मी वाढताना त्यांच्यापासून हातभर लांब राहायची आणि वाढून झालं की स्वयंपाकघरात जायची.

त्या दिवशी डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं म्हणून दारातच उभी राहिले. भाकरी झाली, मुगाची आमटी झाली, भात झाला. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या त्यांनी उजव्या हाताला ओढला. ते पाणी त्या कायम शेवटासाठी राखून ठेवत. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. तळहातावर एक पांढरी गोळी आली. आणि तिच्या शेजारी एक केशरी.

क्षणभर मला काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. केशरी गोळी रात्रीची होती. रात्री आक्का पाणीसुद्धा पीत नाहीत. त्या ती गोळी रात्री घेणार कशी? एरवी दिवस मावळायच्या आत गिळत असणार, पण पर्वात तर सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. तोंड उघडायचं ते दुपारी एकदाच. एकही चुकवायची नाही म्हणून दोन्ही त्याच वेळी, आदल्या दुपारपासून तहानलेल्या पोटात. वरून लगेच उठून बस्तीच्या पायऱ्या.

आक्कांचा हात तोंडाशी गेला होता. ओरडावं तर अंतराय, धरावं तर अंतराय. नुसतं बघत उभं राहावं तर पुन्हा पायरी.

मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं.

पांढरी गोळी ताटात पडली. केशरी उंबऱ्याकडे घरंगळत गेली. आक्कांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरले नाही. त्यांनी तांब्या बाजूला सारला, पाण्याला तोंड न लावता उठल्या, हात धुतले. मग तोंड उघडलं.

"अंतराय केलास माझा. पाणीबी न्हाई पिलो मी अजून."

"आक्का, दोन्ही एकदम घेता तुम्ही?"

"मग कवा घेऊ? एकासन हाय माझं. डॉक्टर म्हणाले एकबी चुकवू नको, न्हाई चुकवली. व्रतबी न्हाई मोडलं. दोन्ही सांभाळलं की गं मी."

"म्हणून तर पायरी हलली."

 भूपाल ओसरीवरून आत आला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो ताटातली गोळी बोटानं उचलून बघत राहिला.

"म्हणजे गोळी बरी हाय?" त्यानं विचारलं.

"गोळी बरी आहे. आपलं घड्याळ चुकलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरला फोन लावतो."

"आधी माताजी," आक्का म्हणाल्या. "अंतराय झाल्यावर प्रायश्चित्त घ्यायला लागतंय. आणि तू चल माझ्यासंगं. धक्का तू दिलायस."

त्या चातुर्मासाला आमच्या बस्तीत सुमतीमाताजी नावाच्या साध्वी मुक्कामाला होत्या. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, बेळगावकडच्या. बारीक होत्या पण आवाज खणखणीत. आक्कांनी 'वंदामि' म्हणत नमस्कार केला, माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. माताजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "नेम देताना मी तुला काय विचारलं होतं, अनंतमती?"

"औषधाची सूट पाहिजे काय म्हणून."

"आणि तू?"

"नको म्हणालो."

"का?"

"सूट घेऊन केलेलं व्रत कसलं, माताजी."

"असं." माताजींनी पिंछी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग तू व्रत केलं नाहीस. पैज लावलीस. चंपानं हात धरला नसता तर उद्या परत त्याच पायरीवर पडली असतीस. किड्यामुंगीला पाय लागू नये म्हणून जपतेस, आणि हा देह काय कुणाचा आहे? त्याला जपायचं नाही?"

आक्कांनी मान खाली घातली.

"प्रायश्चित्त ऐक. सूर्य उगवल्यावर घोटभर पाण्याबरोबर औषध. सूर्य मावळायच्या आत घोटभर पाण्याबरोबर औषध. जेवण एकदाच. पाणी मात्र दिवसा लागेल तेवढं, तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. पर्व संपेपर्यंत."

"हे प्रायश्चित्त? ही तर सूट झाली."

"तुझ्यासाठी शिक्षाच आहे ती," माताजी म्हणाल्या. शेजारच्या बायका हसल्या, आणि थोड्या वेळानं आक्काही हसल्या. "आता आधी जाऊन पाणी पी. अंतराय वगैरे काही झालेला नाही. भावजयीनं हात धरला त्याला अंतराय म्हणत नाहीत."

घरी आल्यावर डॉक्टरांना फोन लागला. मी सगळं सांगितलं. 

"वैनी, आत्ताच आमचा रमजान होऊन गेला," ते म्हणाले. "रोजा धरणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी आधी बोलावून गोळ्यांच्या वेळा बदलून देतो. तुमच्या आक्का 'रोज जेवतो' म्हणाल्या आणि मी निर्धास्त झालो. कधी जेवता, किती वेळा, ते विचारायला हवं होतं. आज सकाळची गोळी हुकली ती हुकू दे, भरून काढायची नाही. संध्याकाळी उजेड असताना एकटी जोडगोळी. आणि त्यानंतर घराबाहेर पाय टाकायचा नाही, कारण अंधार पडायच्या सुमाराला गुंगी येईल. उद्यापासून सकाळची सकाळी. फोन त्यांना द्या."

आक्कांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. "डॉक्टर, मग आरती?"

"आरती घरून ऐका. स्पीकर लावतातच की बस्तीवर."

"सातलाच झोप येणार मग."

"झोपा. कोंबड्यांबरोबर झोपा, कोंबड्यांबरोबर उठा. उठताना मात्र आधी बसायचं, मग पाय खाली, मग उभं."

"आणि पर्व संपल्यावर?"

"तेव्हाही रात्री पाणी पिणार नाहीच ना तुम्ही?"

"न्हाई."

"मग कायमचं हेच. माझ्या औषधाला दोन वेळांत अंतर पाहिजे, रात्रच पाहिजे असं काही नाही."

आक्कांनी फोन ठेवला आणि भूपालला म्हणाल्या, "मुसलमान डॉक्टरला कळलं, आणि तू जैन असून गोळ्या गटारात टाकायला निघाला हुतास."

"तू तरी कुठं सांगितलीस कवा घेतीस ते?"

"विचारलास कवा?"

 संध्याकाळी अंगणात ऊन असतानाच त्यानं स्वतः पाण्याचा तांब्या आणून आक्कांच्या समोर ठेवला आणि पश्चिमेकडे बघत उभा राहिला, सूर्य बुडायच्या आत त्या गिळतात की नाही बघायला. मला हसू आलं.

दोन दिवसांत चक्कर थांबली. सकाळची आगही उतरली.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची एकमेकांकडे क्षमा मागायची. सगळं गाव बस्तीत जमतं. आक्का शिवण बाहेर काढलेला तो झंपर घालून निघाल्या. मधल्या पायरीवर थांबल्या. 

"काय झालं?"

त्यांनी पायरीवर पाय दाबून बघितला. "हलत न्हाई आता." मग माझं मनगट धरलं, मी धरलं होतं तसंच, घट्ट. "कडक हात हाय गं तुझा. चार दिवस काळंनिळं हुतं माझं." आणि दुसरा हात त्यावर ठेवून म्हणाल्या, "उत्तम क्षमा, चंपा."  आम्ही वर चढलो.

सुमतीमाताजी दिवाळीनंतर पायी विहार करत कर्नाटकात गेल्या, परत आमच्या गावी आल्या नाहीत. डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात पुढं केव्हाही गेलं तरी कंपाउंडरचा पहिला प्रश्न असायचा, 'उपवास काय करता, आणि जेवता कधी?' भूपालला नंतर साखर निघाली आणि तळपायांची आग सुरू झाली. तो आपणहून जयसिंगपूरला जाऊन आला आणि गोळ्यांची पिशवी उघडीच हातात घेऊन गावातून चालत घरी आला. मागच्या वर्षी तो गेला, झोपेत.

आक्कांचं दुखणं वर्ष-सव्वा वर्षानं इतकं कमी झालं की डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत गोळ्या बंद केल्या. क्लास परत सुरू झाला. नागीण झालेल्या बायका लांबलांबच्या गावांतून त्यांच्याकडे तसला झंपर शिवायला येऊ लागल्या. त्या झंपर शिवून द्यायच्या आणि सोबत विचारायच्या, गोळ्या कवा घेतीस, पाणी पितीस का. स्वतःचं दुखणं संपलं तरी त्यांनी शिवण परत आत घेतली नाही. शेवटपर्यंत तसलेच झंपर घातले.

त्या गेल्या तेव्हा मीच त्यांना तयार केलं. नवी साडी होती आणि त्यांच्याच हातचा झंपर. शेजारची एक तरुण सून मदतीला आली होती. हुका लावताना ती हळूच म्हणाली, "काकू, झंपर उलटा घातलाय बघा."

"उलटा नाही बाई," मी म्हणाले. "सरळच आहे."